उत्तररंगातली हरकत

उमरवाहीच्या मारुतीसमोर कीर्तन सप्ताहाचा मांडव पडत होता, तेव्हा पटांगणाच्या अगदी मधोमध एक आयती खुंटी ठोकलेली सापडली. चांगली सागवानी, डोक्यावर लाल रंग, आणि भुईत अशी घट्ट की दोन गडी लागले तरी हलेना. मांडव घालणाऱ्या चंपतरावांनी तिला हात जोडले आणि मांडवाची मुख्य दोरी तिलाच बांधली. सात दिवस त्या खुंटीच्या जिवावर उमरवाहीनं हरिकथा ऐकली. आठव्या दिवशी काल्याचा प्रसाद वाटून होतो न होतो तोच एक जीप आली. तिच्यातून टोपीवाला माणूस उतरला आणि ओरडला, "सरकारी खुंटीले दोरी कोणं बांधली बे?"

तेव्हा कुठे गावाला कळलं की, कळमेश्वरकडे जाणारी विजेची मोठी लाइन उमरवाहीवरून जाणार आहे, आणि तिचा एक मनोरा त्या खुंटीच्या जागी, म्हणजे हरिदासबुवा उभे राहतात बरोबर त्या ठिकाणी, चार पाय रोवून कायमचा उभा राहणार आहे.

"मंग आपल्याले लाइट भेटन का?" कोणीतरी विचारलं.

"नाही. ही वरून जाणारी लाइन हाय."

"म्हणजे टावर आपला न उजेड दुसऱ्याचा?"

टोपीवाल्यानं दोरी सोडली, खुंटीला नवा लाल रंग दिला आणि ग्रामपंचायतीच्या फळ्याकडे बोट दाखवून तो निघून गेला. फळ्यावर कुटुंब नियोजनाच्या चित्राखाली एक नोटीस निघाली. नोटिशीच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत कोणाही माणसाला लेखी हरकत घेता येईल, असं तिच्यात छापलं होतं. त्यातले एकेचाळीस दिवस ते हसरं कुटुंब खाऊन बसलं होतं. उरले होते एकोणीस.

सगळ्यांची नजर गणपतरावांकडे वळली.

गणपतराव भोयर राहायला नागपुरात, धंतोलीत. एका हायस्कुलात मराठी शिकवत. उमरवाही ही त्यांची सासुरवाडी आणि चंपतराव त्यांचे मेहुणे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि तेवढेच सप्ताह त्यांनी त्या पटांगणात पहिल्या रांगेत बसून ऐकले होते. ते स्वतः कीर्तन करत नसत. ते श्रोते होते. पण श्रोत्यांतही अधिकार असतो. बुवा नमनात कितीही रेंगाळले तरी गणपतराव घड्याळ पाहत नसत, आख्यान रंगलं की उपरण्यानं डोळे टिपत, आणि मागची टाळी जरा अलीकडे पडली तर मान वळवून असं काही पाहत की तो माणूस वर्षभर टाळी वाजवत नसे. असं पटांगण जायचं?

"लिहितो," ते म्हणाले. "साऱ्या गावाची मिळून एकच हरकत. कोणी वेगळी लिहू नका, उगाच गोंधळ होतो."

त्या गर्दीत बळीराम गजभिये होता. नागपूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून तो लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. गाव त्याचंही उमरवाहीच, आणि त्याचंही काम अडलं होतं. लाइनीच्या तारा पटांगणावरून थेट वस्तीतल्या विहाराच्या अंगणावर येत होत्या आणि त्या अंगणात रोज संध्याकाळी वस्तीतली पोरं अभ्यासाला बसायची.

"गुरुजी, मी टाइप करून देतो," बळीराम म्हणाला. "एक पान. पहिल्याच ओळीत हरकत, खाली गावाच्या सह्या. सायब लोक दुसरी ओळ वाचत नाहीत जी."

गणपतराव समजुतीनं हसले. "बळीराम, तुझा अर्ज म्हणजे तार. ज्याला आपलं म्हणणं पटवायचं त्याला आधी बसवावं लागतं."

बळीरामनं फार ताणलं नाही. गावानं कोऱ्या कागदावर सह्या दिल्या, सर्वांत खाली त्यानंही केली.

नागपुरात आल्यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारी रामाजी चौधरी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. शिट्टी सुटली होती पण हिरवी-लाल झेंडी दाखवायची सवय सुटली नव्हती. ते म्हणाले, "तिहेरी नकला काढा. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. न इंग्रजीतच लिहा. मराठी हरकत हळू जाते." घरमालकीण तुळसाबाईंचं मत निराळं होतं. सदर भागात त्यांचा भाचा कुठल्याशा ऑफिसात होता आणि त्याच्याकरवी सारं काही होतं, असं त्या सांगत. चौकशीअंती तो भाचा मत्स्यखात्यात निघाला.

हरकत घ्यायची तर नकाशा पाहायला हवा, म्हणून गणपतराव रजा टाकून सदरच्या वीज कार्यालयात गेले. तिथला बाबू पान जमवत होता.

"नकाशा पाहायला मिळेल. अर्ज द्या."

गणपतरावांनी तिथेच उभ्यानं अर्ज लिहिला.

"यावर नकाशाचा नंबर टाका."

"नंबर कुठे मिळेल?"

"नकाशावर असतो न."

व्याकरणात असा प्रसंग गणपतरावांना कधी आला नव्हता. चौथ्या खेपेला कपाट उघडं सापडलं, कारण बाबूचा डबा त्यात होता. डब्याखाली नकाशा होता. उमरवाहीच्या पटांगणावर लोणच्याच्या तेलाचा एक गोल डाग होता आणि त्या डागाच्या बरोबर मधोमध मनोरा.

त्यानंतर गणपतराव लिहायला बसले. एक शिकवणारा माणूस आणि एक ऐकणारा माणूस अशी दोन माणसं त्यांच्यात होती, आणि त्या दिवशी लेखणी दुसऱ्याच्या हातात गेली. कीर्तन कसं मांडलं जातं? आधी पूर्वरंग: देवाला नमन, मग एक सर्वमान्य सिद्धांत, मग त्याचं निरूपण. नंतर बुवांना बुक्का, गळ्यात हार, क्षणभर विसावा. मग उत्तररंग: आख्यान, आणि त्या आख्यानातून श्रोत्यांच्या काळजाला हात. आधीच काळजाला हात घालणारा बुवा त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता. विजेच्या साहेबाला काळीज असेल, हे तर त्यांनी गृहीतच धरलं होतं.

पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: 'प्रकाश हे परमेश्वराचे आद्य रूप होय. ज्याने एका घरी दिवा लावला त्याने पुण्य जोडले. जो गावोगाव दिवे नेतो त्याच्या पुण्याला गणती कोणती? आपले खाते हे महत्कार्य अहोरात्र करीत आहे, त्यास आम्हा उमरवाहीकरांचे सविनय वंदन.' पुढची पाच पानं निरूपण. सहाव्याच्या शेवटी थोडी कोरी जागा, विसाव्याची. सातव्या पानावर आख्यान सुरू झालं: पटांगण, सप्ताह, शेजारी विहाराचं अंगण, पोरांचा अभ्यास, तारांखाली मांडव घालता येत नाही हे दुःख, आणि शेवटी हरकत. अकरा पानं झाली.

त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, कागदांचा गठ्ठा हातात धरून वजन पाहिलं. "हे पत्र हाय का पोथी?"

"वाच आणि सांग."

त्यांनी चार पानं वाचली. "चांगलं हाय. पण तुम्ही भांडायला कवा लागता?"

"सातव्या पानावर."

"तवरोक तो जेवायले जाईन," गोपिकाबाई म्हणाल्या आणि फोडणी जळते म्हणून आत गेल्या.

मुदतीच्या आदल्या दिवशी गणपतरावांनी ते पुडकं स्वतः नेऊन दिलं, तिहेरी, शिक्क्यासकट. बाबूनं पहिलं पान वाचलं. त्याचा चेहरा उजळला. त्या टेबलावर येणाऱ्या कागदांनी त्याला आजवर वंदन केलं नव्हतं. त्यानं उठून गणपतरावांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. गणपतराव घरी आले ते तरंगतच. पूर्वरंग लागू पडला होता.

दोन महिने सारं शांत होतं. मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी बळीराम सायकलवरून धंतोलीत आला. हातात सायक्लोस्टाइल केलेला एक कागद होता. त्यानं चप्पल काढली, बसला, पाणी प्यायला, आणि मगच म्हणाला, "गुरुजी, जरा वाचा जी."

कागद वीज कार्यालयाचा होता. 'योजनेबाबत प्राप्त अभिप्राय. उमरवाही. हरकती: निरंक. अनुकूल: एक, श्री. ग. ना. भोयर, शिक्षक, व समस्त ग्रामस्थ.'

गणपतरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आजूबाजूच्या बारा गावांनी हरकती घेतल्या होत्या. त्या साऱ्या यादीत लाइनीचं स्वागत करणारा माणूस एकच होता.

"ज्यायनं हरकत घेतली त्यायलेच सुनावणीचं बोलावणं गेलं," बळीराम म्हणाला. "उद्या अकरा वाजता हाय. आपल्याले बोलावणं नाही, कारण आपल्याले त लाइन पाह्यजे हाय."

"अरे, पण सातवं पान..."

"सातव्या पानाले कोणाचं बोट लागलं नाही, गुरुजी. गावात बोंब झाली हाय. चंपतराव म्हणते, जवायानं टावरची आरती ओवाळली."

हे शेवटचं वाक्य गणपतरावांना फार लागलं. ते उठले, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसमोर उभे राहिले. अठ्ठावीस सप्ताहांचं ऐकणं एका बाबूनं चुकीच्या रकान्यात टाकलं होतं. मग ते वळले.

"उद्या जायचं."

"बोलू देतीन का?"

"मी श्रोता आहे, बळीराम. श्रोत्याला मांडवातून कोणी उठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात बळीरामनं त्यांची तालीम घेतली. धंतोलीपासून सदरपर्यंत.

"म्हणा. सायब, आमची हरकत हाय. टावर पटांगणात नको."

"साहेब, या मंगल प्रसंगी..."

"गुरुजी!"

"बरं. साहेब, आपण जाणताच की..."

"त्यायले काही जाणू देऊ नका! निस्ती हरकत."

"पण एकदम असं अंगावर जायचं म्हणजे..." गणपतरावांच्या कपाळावर घाम आला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "बोल डालो मास्टरजी, क्या जाता है?" सदर येईपर्यंत दहा वेळा म्हणून झालं आणि त्यातल्या दोन वेळा नमन गळालं होतं.

सुनावणीच्या खोलीत बाकांवर बारा गावांची माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाबूनं गणपतरावांना ओळखलं आणि घात केला. "या या, भोयर गुरुजी! साहेब, हेच ते अनुकूल." गणपतरावांना साहेबांच्या बाजूची खुर्ची मिळाली, चहा मिळाला. चहात मलई होती. समोरच्या बाकांवरून बारा गावं त्यांच्याकडे पाहत होती आणि त्या नजरांत मलई नव्हती. "सरकारी माणूस दिसते बे," कोणीतरी म्हणालं. गणपतरावांनी चहा खाली ठेवला.

हरकती ऐकून साहेब वैतागले होते. तरुण इंजिनियर, बाह्या दुमडलेला, नाकावर उन्हानं सोललेली कातडी. ते म्हणाले, "आता जरा चांगलं बोलणाऱ्या माणसाचं ऐकू. गुरुजी, दोन शब्द."

गणपतराव उभे राहिले. सवयीनं हात जोडले गेले, डोळे मिटले, ओठांवर नमन आलंच. मागे बळीराम खोकला. गणपतरावांनी नमन गिळलं. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं गिळलेलं नमन. देव समजून घेईल, असं त्यांनी मनात म्हटलं.

"साहेब, आमची हरकत आहे. मनोरा पटांगणात नको."

बाबूनं घाईघाईनं वही उघडली. "साहेब, रेकॉर्डला अनुकूल आहे."

"सातवं पान काढा," गणपतराव म्हणाले. आवाज चढला होता. "सातव्यापासून अकराव्यापर्यंत वाचा. इथे, सर्वांसमोर."

साहेबांनी पुडकं मागवलं. सातवं पान खळीनं आठव्याला चिकटलं होतं, ते त्यांनी पट्टीनं सोडवलं. आधी मनात वाचू लागले, मग थोडं मोठ्यानं. पटांगण आलं, सप्ताह आला, विहाराच्या अंगणातली पोरं आली. बाकांवरची कुजबूज थांबली. अकरावं पान संपलं तेव्हा एक म्हातारा सहज 'पुंडलीक वरदे' म्हणून गेला आणि दोन-तीन गावांनी पुढचं म्हटलंही.

साहेबांनी चष्मा काढला. "गुरुजी, हे पहिल्या पानावर का नाही लिहिलं?"

"पहिल्या पानावर पूर्वरंग असतो, साहेब."

साहेबांनी पुडकं मिटलं. मग म्हणाले, "नुसती हरकत घेऊन लाइन हवेत वळत नाही. मनोरा पटांगणात नको, तर कुठे? तीनशे पावलांच्या आत दुसरी जागा दाखवा, आणि मालकाची लेखी संमती द्या. शनिवारी मी उमरवाहीला येतो."

शनिवारी सगळं उमरवाही पटांगणात जमलं होतं. जवायाचा मान परत आला होता, चंपतरावांनी स्वतः पाट आणून टाकला होता. साहेब तीन पायांची दुर्बीण घेऊन आले. जागा दाखवायची म्हटल्यावर गावाला मोठं औदार्य आलं. लहानू म्हणाला धोंडबाचं वावर घ्या, धोंडबा म्हणाला नत्थूचं खळं रिकामं पडलं हाय. नत्थू म्हणाला, "माहं खळं काहून? मारुतीच्या मागं शाळा हाय न!" शाळेचे मास्तर तिथेच होते, ते नत्थूच्या मागे जाऊन उभे राहिले.

साहेबांनी एक एक जागा दुर्बिणीतून पाहिली. नाला आड आला, विहीर आड आली, वस्ती आड आली. शेवटी त्यांनी दुर्बीण फिरवली आणि म्हणाले, "एकच बसते, तारा विहारालाही चुकवतात. ती संत्र्यांची बाग. कोणाची?"

चंपतराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले.

ती दोन एकर बाग गोपिकाबाईंची होती. वडिलांनी लेकीच्या नावानं केलेली. सहा वर्षांपूर्वी कलमं लावली होती, नागपूरहून दर सुट्टीत येऊन गोपिकाबाईंनी ती स्वतःच्या हातानं जगवली होती, आणि यंदा पहिल्यांदाच आंबिया बहार धरला होता. पानांआड बोराएवढी हिरवी फळं लागली होती. गेले पंधरा दिवस धंतोलीच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं.

"किती झाडं जातीन?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"मनोऱ्याच्या पायाला आणि माणसांना वावरायला मिळून अकरा."

आणि मग गणपतरावांच्या तोंडून, नमन नाही, सिद्धांत नाही, विसावा नाही, एका श्वासात निघालं, "माझी हरकत आहे!"

बळीरामनं कौतुकानं मान हलवली. इतकी सुटसुटीत हरकत त्यानं कचेरीतही ऐकली नव्हती.

गोपिकाबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. पटांगणाकडे एकदा पाहिलं, पलीकडच्या विहाराच्या अंगणाकडे पाहिलं. "वावर माह्या नावानं हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमची हरकत इथं लागत नाही जी." आणि साहेबांना म्हणाल्या, "कागद आणा."

"अगं, पण बहार..."

"बहार पुढच्या साली येईन. पटांगण येईन का?" एवढं बोलून त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. अक्षर शाळेतलं, गोल. बळीरामनं साक्षीदार म्हणून खाली सही केली. चंपतराव डोळे पुसत होते, आणि लहानू, धोंडबा, नत्थू तिघं आपापल्या वावरांच्या दिशेनं हळूच मागे सरकत होते.

बागेत जाऊन खुंटी ठोकायची होती. लाल-पांढरी काठी धरणारा साहेबांचा माणूस उन्हानं चक्कर येऊन मारुतीच्या ओट्यावर पडला होता.

"कोणीतरी सरळ उभं राहणारं हवं," साहेब म्हणाले. "अजिबात हलायचं नाही."

गणपतराव पुढे झाले. उपरणं कमरेला बांधलं, काठी हातात घेतली आणि दाखवलेल्या जागी झाडांमध्ये उभे राहिले. मार्चचं ऊन डोक्यावर, पायाशी मुंग्यांचं वारूळ, समोर दीडशे पावलांवर साहेबांची दुर्बीण. मुंग्या धोतरातून वर चढल्या. गणपतराव हलले नाहीत. नमनाच्या वेळी जसे बसत तसेच, फक्त उभे. गाव बांधावर रांगेनं बसलं होतं आणि इतकं एकाग्र उमरवाहीनं कोणत्याच बुवांना ऐकलं नव्हतं.

मागच्या झाडाआडून हळू आवाज आला. "अहो."

"हं."

"एक पाऊल डावीकडे घ्या. हे कोपऱ्यातलं वाचते."

"हलायचं नाही म्हणालेत ते."

"झाड लेकरासारखं हाय."

गणपतरावांनी आयुष्यात लबाडी कधी केली नव्हती. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि काठी सरळ धरून एक पाऊल डावीकडे सरकले.

दुरून साहेबांनी दुर्बिणीवरून डोकं वर काढलं. "गुरुजी, सरकलात का?"

"नाही, साहेब!"

साहेबांनी पुन्हा दुर्बिणीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोपऱ्यातल्या झाडाआड लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. त्यांनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "नसाल सरकला. अजून जागा आहे थोडी. नीट उभे राहा."

मागून कुजबूज आली, "अजून एक."

गणपतराव अजून एक पाऊल सरकले.